तिसऱ्या सावधानाला

समस्त पाहुण्यांनी इकडे लक्ष द्यावे, अत्यंत गंभीर घोषणा होत आहे: काल माझ्या हेडफोनच्या डबीत गुलाबी रंगवलेल्या ज्वारीचा एक दाणा सापडला आणि माझा चहा गार झाला. दाणा अक्षतांचा, विश्रामबागेतल्या एका लग्नातला. चाळिशीत डीजे व्हायची हौस आली, त्यातली ही पहिली सुपारी. कार्यालयभर मोगरा आणि मसालेभात घमघमत होता. नवरीला आई नव्हती. तिला वाढवणारी मावशी माइकवर स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणत होती. तिसरं ‘सावधान’ झालं, चौथं कडवं बाकी होतं. तेवढ्यात पुढचं गाणं हेडफोनमध्ये ऐकून ठेवावं म्हणून मी बटण दाबलं, तर माझ्या कानात शांतता आणि हॉलभर सनई-चौघडा धडाड! वाजंत्री वाजली की लग्न लागलं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अक्षता उधळल्या, अंतरपाट खाली आला, गळ्यांत हार पडले, अर्धे पाहुणे पंगतीकडे पळाले. नवरदेवाच्या पलटणीतला एक मित्र माझ्या पाठीत थाप मारून ओरडला, “टायमिंग लय भारी, गड्या!” आणि मी चक्क वाकून मुजरा केला. मान वर केली तर समोर मावशी, हातात कागद. “मावशी, जेवून घ्या,” एवढंच मला सुचलं. आजही मंगलाष्टकं संपेपर्यंत मी हात पाठीमागे बांधून उभा राहतो, कारण कागदाची घडी घालता घालता मावशी बोलून गेल्या, “चौथ्यात तिच्या आईचं नाव हुतं रं!”