सोबतिणीचं हेल्मेट

मरोळच्या आमच्या ऑफिसात नवीन गेम खेळून बघायला बाहेरची माणसं बोलावतात. ती मुलगी रिफायनऱ्यांशेजारच्या माहुलहून आली होती. नाव मी विचारलं नाही; मागे बसून ती कुठे अडकते एवढंच बघायचं होतं.

गेममध्ये सूटमधला ऑक्सिजन संपायच्या आत चंद्रावरच्या तळाचं दार उघडून यानापर्यंत पळायचं असतं. सूट फक्त खेळणाऱ्याला. त्याच्याबरोबर गेममधलीच एक सोबतीण असते, ती हेल्मेटशिवाय, उघड्या चेहऱ्याने मागे येते. ती मीच बनवली होती.

दाराशी आल्यावर मुलीचा हात आपोआप ओढणीकडे गेला आणि तिने नाक झाकलं. "आमच्याकडे हवेला वास असतो ना, सवय लागलीय," ती ओशाळून म्हणाली. मग गेममध्ये तिने मागे वळून सोबतिणीकडे बघितलं आणि ती थांबलीच.

"ताई, हिचं हेल्मेट?"

"तिला काही होत नाही गं. चेहरा दिसावा म्हणून नाही दिलं. चेहरा दिसला की जीव जडतो."

"जडला ना! म्हणूनच दार उघडवत नाहीये."

स्वतःचं हेल्मेट तिला द्यायला मुलीने सगळी बटणं दाबून बघितली. तशी सोय आम्ही ठेवलीच नव्हती. दाराशीच मुलीच्या सूटमधला ऑक्सिजन संपला. सोबतीण मागून हसत म्हणत होती, "चल, मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी मी सोबतिणीला हेल्मेट चढवलं, काळ्या काचेचं. आता स्वतः खेळून बघताना मी दार उघडते, पण सारखी मागे वळून बघते. आत ती श्वास घेतेय ना?