सोन्याचं पाणी दिलेलं पिस्तूल

नक्षीदार पिस्तुलाचा प्रत्यक्ष काही उपयोग असतो का, असं कोणी विचारलं तर मी सरळ नाही म्हणते. ती थेरं मी जवळून पाहिलीयत. मावशीच्या घरी, गंगापूर रोड संपून मळे लागतात तिथे.

नव्वदनंतर द्राक्षांनी काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, बरे दिवस दाखवले. मळ्यातल्या घराला संरक्षण हवं म्हणून त्यांनी परवाना काढला. इथपर्यंत ठीक. पण साधं काळं पिस्तूल त्यांच्या इभ्रतीला शोभेना. दुकानदाराने ‘स्पेशल एडिशन’ म्हणून एक गळ्यात मारलं. सोन्याचं पाणी काय, नळीवर वेलबुट्टी काय, मुठीवर सिंह काय. सिंह कसला, आजारी मांजर दिसायचं ते.

“याने नेम जास्त चांगला लागतो का?” मी विचारलं.

“गंज चढत नाही,” काका म्हणाले.

गंज चढायला वस्तू बाहेर तरी निघायला हवी ना. हे कायम मखमली पेटीत. बोटांचे ठसे उठतात म्हणून कोणी हात लावायचा नाही. दसऱ्याला त्यावर हळदकुंकू वाहायचीही मावशीला बंदी, डाग पडतात म्हणे. पाहुणे आले की मात्र चहाच्या आधी पेटी हजर.

एवढी मोठी पेटी ठेवायची कुठे? लोखंडी कपाटात कुलपाचा एकच खण, आणि त्यात मावशीचा दागिन्यांचा डबा. काकांनी डबा काढून तिच्या हातात दिला, तिथे पिस्तूल ठेवलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. डब्यात फार काही नव्हतं, पण माझ्या आजीच्या पाटल्या होत्या. आजी गेल्यावर मावशीकडे तिचं तेवढंच उरलं होतं.

“अहो, मागच्या दाराची कडी तरी बदला,” मावशी म्हणाली.

“घरात पिस्तूल असताना?” काका हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते. मावशीने गुपचूप डबा तांदळाच्या पिंपात पुरला.

द्राक्षं उतरायच्या दिवसांत, भर दुपारी दोघं जण मागच्या दाराने शिरले. काका आणि गडी मळ्याच्या पार टोकाला, घरात मावशी एकटी. आधी त्यांनी कपाटाच्या खणाला पहार लावून पाहिली. खण काही फुटेना. मग कोयता घेऊन ते मावशीकडे वळले आणि तिने पिंपाकडे बोट केलं. जाताना हातातल्या बांगड्याही ओरबाडून नेल्या.

संध्याकाळी मी पोचले तेव्हा हवालदार पंचनामा लिहीत होते. मावशीच्या सोललेल्या मनगटाला हळद लावली होती. काका तिच्याकडे नाही, कपाटाकडे गेले. खण उघडला, पेटी उघडली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

“देवाची कृपा, हे वाचलं,” ते म्हणाले.

हवालदारांनी लिहायचं थांबवून पिस्तूल हातात घेतलं. “खरंच सोन्याचं पाणी आहे का हो?” त्यांनी विचारलं. झालं, काका खुलले. वेलबुट्टी कशी कोरतात, पाणी कसं चढवतात, सगळं रंगवून सांगायला लागले. माणसाला लाज किती नसावी, ते मी त्या दिवशी पाहिलं.

मावशी भिंतीला टेकून उभी होती. बराच वेळ ती दोघांचं ऐकत होती. मग हवालदारांना म्हणाली, “साहेब, माझ्या आईच्या पाटल्या लिहिल्यात का?”