अर्धा सूर खाली

पियानोच्या पाठीच्या लाकडाला कान लावायचा, बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायचं, डोळे मिटायचे आणि मग विचारायचं, "आवाज होना, के उमर होना?" आवाज हवा की आयुष्य? आबिड्सच्या गल्लीत जुने पियानो दुरुस्त करणाऱ्या चाचांना तुमच्यापैकी कुणी असं पाहिलंही असेल. दोन्ही हवं म्हणणाऱ्याला ते चहा पाजून परत पाठवत.

मी एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला. नांदेडकडून इथं आलेल्या आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि ते मी लपवत नाही. शाळेचा जुना पियानो भंगारात निघाला होता. 'दुरुस्त होऊ शकतो' असा शेरा फाइलवर मीच मारला, खाली सही केली. आमच्या घरात सहीला किंमत आलेला मी पहिलाच.

चाचांनी शाळेतच बसून तारा बदलल्या. जाड तारेनं आवाज भरदार होतो, पण लाकडावर ताण येतो, म्हणून बारीक निवडल्या. वर म्हणाले, "सूर भी आधा नीचे रखता मैं."

"नाही चाचा, संमेलनात कीबोर्डबरोबर वाजवायचाय. सूर पुरा पाहिजे."

"हुकुम बीए साब का," म्हणत त्यांनी किल्ली लावली.

एकेक तार चढत गेली आणि आत लाकूड करकरलं.

चाचांचा हात थांबला. माझ्या डोळ्यांपुढे ती सही. चाचा कान लावून किती वेळ बसले कोण जाणे.

"फटा नहीं," शेवटी म्हणाले. "बोला सिर्फ. कॉलेज में सुननेकू नहीं सिखाते क्या?"

"उतारो चाचा," मी म्हणालो. "उमर होना."

पण संगीताच्या बाईंना काय सांगायचं? चाचरत सांगितलं. बाईंनी एक बटण दाबलं, आणि कीबोर्डच अर्धा सूर खाली आला. एवढंच! चाचा खो खो हसले. "जवान है ना, वोइच झुकेगा."

मागच्या वर्षी चाचा गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

परवा नवा कारागीर आला. झाकण उघडून म्हणाला, "सर, सूर पूरा चढा दूँ?"

मी पाठीच्या लाकडाला कान लावला, पेरानं दोनदा ठोकलं. आत सगळं ठणठणीत.

"नक्को," मी म्हणालो.