कायटनवाली विजया

विजया गेल्याचा फोन आला तेव्हा मी मानोऱ्याच्या शाळेत सातवीच्या वर्गावर होते. फोन तिच्या आईचा, मायचा. "सुनंदा, विजया गेली वं. झोपीतच गेली." वाशीमला बस बदलून मी तिचं गाव, मेडशी गाठलं. या गोष्टीला आता दोन महिने होतील.

वाशीमच्या होस्टेलात आम्ही एका खोलीत राहायचो. मी मराठी घेतलं, तिनं प्राणिशास्त्र. पुढं ती संशोधनासाठी रत्नागिरीकडं गेली आणि तिथल्या खडकांवरच्या एका लहानशा कायटनच्या मागे लागली. शंखशिंपल्यांच्या कुळातला हा जीव, अंगठ्याच्या नखाएवढा, चपटा. पाठीवर कवचाच्या आठ पट्ट्या. खडकावरचं शेवाळ खरवडून खातो. त्याच्या जिभेवरच्या दातांत लोखंड असतं, हे ती सुटीत घरी आली की भेटेल त्याला सांगायची. मेडशीत तिचं नाव 'कायटनवाली' पडलं, आणि तिला ते आवडायचंही.

काम निम्म्यावर असताना मायला लकवा मारला. वडील आधीच गेलेले, विजया एकुलती. माय गाव सोडायला तयार नव्हती, म्हणून विजयाच परत आली आणि वाशीमच्या एका कॉलेजात शिकवू लागली. तिनं कधी कुरकुर केली नाही. पण कायटनबद्दल बोलणंच बंद केलं. ते मायच्या ध्यानात आलं होतं. हातात काठी घेऊन चालता येऊ लागल्यावर एक दिवस ती म्हणाली, "मले तुह्या समुद्रावर ने."

आम्ही तिघी गेलो. ओहोटीच्या वेळी विजयानं मायला हाताला धरून खडकावर बसवलं आणि एका कायटनकडं बोट दाखवलं. माय वाकून बराच वेळ पाहत राहिली.

"एवढासाच? याच्यापायी तू घर सोडलं व्हतं?"

"हो माय."

मायनं नखानं तो उचकटून पाहिला. तो हलला नाही. "सोडूनच नाई राह्यला वं!"

"ओढू नको, त्याले इजा होईन. ओहोटीत पाणी गेलं की तो असाच खडकाले दबून बसते," विजया हसत म्हणाली. किती दिवसांनी ती अशी हसत होती.

माय मग समुद्राकडं पाहत म्हणाली, "तुह्यं काम अर्ध राह्यलं ना? सुटीत येत जाय इथं. मी सुनंदाजवळ राहतो." मला कुणी विचारलंच नाही! पण त्यानंतर प्रत्येक सुटीत माय माझ्याकडं मानोऱ्याला आणि विजया किनाऱ्यावर, असं ठरूनच गेलं. वेळ लागला, पण प्रबंध पूर्ण झाला. डॉक्टर झाल्यावर तिनं गावात पेढे वाटले, तेव्हा मायनं प्रत्येकाला त्या किड्याच्या दातांत लोखंड असतं हे सांगितलं.

परवा मेडशीला गेले होते. विजयाचा मोबाइल माय रोज चार्ज करते. दुपारी जेवताना तो वाजला. भरती-ओहोटीच्या वेळा कळवणारा गजर विजयानं त्यात लावून ठेवला होता. मी बंद करायला हात पुढं केला.

"राहू दे," माय म्हणाली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "ओहोटी लागली. आता तो खडकाले दबून बसला असंन."