अर्धं तोंड मामाचं, अर्धं भाचीचं

ट्रकवाल्याने मागे बघितलंच नाही. डॉक्टरीणबाईंची दोन माणसांची लाल गाडी दवाखान्याच्या भिंतीला पाठ लावून गुमान उभी होती. ट्रक मागे येत येत तिच्या तोंडावर असा बसला, की दिवे जमिनीवर सांडले आणि बॉनेट घडी घातलेल्या पांघरुणासारखं काचेला जाऊन टेकलं. गाडी पंचेचाळीस वर्षांची, बाईंच्या वडिलांनी कौतुकाने घेतलेली. ज्या कारखान्यात ती बनली तो बंद पडून जमाना झाला. आता तिथे खोक्यांचं गोदाम आहे. सुटे भाग मिळायची बातच नको. म्हणून गाडी दोरीला बांधून मिस्त्रींच्या शेडमध्ये आली.

मिस्त्री पत्र्याचे. वय सहासष्ट, डाव्या हाताची दोन नखं कायमची जांभळी, आवाज घरातसुद्धा शेडमधल्याएवढाच मोठा. सपाट पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवायचा आणि लाकडी हातोडीने ठोकत ठोकत त्याला पोट आणायचं, पाठ आणायची, हे काम येणारा दुसरा माणूस आसपास उरला नव्हता. बाकीचे सगळे पुट्टी थापून रंग मारणारे. त्यांच्याबद्दल मिस्त्री काय बोलत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ह्या जातीच्या गाड्यांची तोंडं त्यांनी स्वतः ठोकली होती. एकविसाव्या वर्षी ते त्या कारखान्यात लागले आणि दहा वर्षांनी कुलूप पडलं तेव्हाच बाहेर पडले. तेव्हापासून ही शेड. आता उजवा खांदा बोंब मारत होता. हाडांच्या डॉक्टरने स्पष्टच सांगितलं होतं, एखादं मोठं काम करायचं असेल तर करून घ्या, मग हातोडी खुंटीला. तर ते एक काम हेच, हे मिस्त्रींनी गाडी बघताक्षणी ठरवून टाकलं. शेवटचं तोंड. ते कसं असावं हेही ठरलेलं होतं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

शेडच्या माळ्यावर त्यांच्या बहिणीची मुलगी बसायची. वय अठ्ठावीस. ती गाड्यांची रूपं काढायचं शिकून आली होती, मोठ्या कंपनीत दोन वर्षं नुसत्या दाराच्या मुठी काढून कंटाळली आणि मामाकडे आली. मामा खाली ठोकणार, भाची वर आखणार, असा करार. पूर्ण गाडीचं तोंड तिच्याही वाट्याला पहिल्यांदाच येत होतं.

बाई म्हणाल्या, "होतं तसंच पुन्हा नको. त्या जुन्या दिव्यांनी समोरचा माणूस दिसायचा नाही, नुसता अंदाज यायचा. मी डोळ्यांची डॉक्टर, माझीच अशी अवस्था बरी दिसत नाही. तुम्ही दोघं काहीतरी दाखवा. बघितलं की सांगेन."

आणि इथून मामा-भाचीचं जुंपलं.

कुणालाही वाटेल की म्हातारा जुन्याच्या बाजूने आणि पोरगी नव्याच्या. झालं उलटं. भाचीला हवे होते वाटोळे दिवे, त्यांना चकचकीत क्रोमच्या कड्या, बॉनेटवर चामड्याचे दोन पट्टे, बक्कलांसकट. आत दिवे आजचेच, पण दिसायला आजोबांच्या काळातले.

"पट्टे कशाला?" मामा म्हणाले. "बॉनेट पळून जाणार आहे का?"

"शर्यतीच्या जुन्या गाड्यांना असायचे, मामा."

"ह्या गाडीला होते का? मी ठोकलीय ही. नव्हते."

"नव्हते. पण शोभतात."

"शोभतात! टक्कल पडलेल्या माणसाने टोप लावावा, तसं शोभतात. अगं, ही गाडी जुनी दिसावी म्हणून कुणी बनवली नव्हती. आम्ही ठोकली तेव्हा हिच्याइतकं नवीन रस्त्यावर काही नव्हतं. लोक बेडूक म्हणायचे हिला. नव्या गाडीला तोंड नवंच पाहिजे."

"मग तुझं नवीन काय ते दाखव ना."

"दाखवतो की."

धंद्यातली एक जुनी पद्धत आहे. दोन माणसांची दोन मतं असली, की लाकडी सांगाड्यावर मॉडेलच्या मातीचं एकच तोंड घडवायचं. डावी अर्धी बाजू एकाने करायची, उजवी दुसऱ्याने. मग मधोमध आरसा उभा धरायचा. इकडून बघितलं की एकाचं पूर्ण तोंड दिसतं, तिकडून दुसऱ्याचं. ठरलं. डावी बाजू भाचीची, उजवी मामाची. एकमेकांचं बघायचं नाही म्हणून मधे चादर टांगली. चादर मामीची, मोठ्या मोठ्या फुलांची. आरसाही मामीच्याच कपाटाचा, बिजागरीतून काढलेला.

"चादर नेली, आरसा नेला," मामी म्हणाली. "आता मला पण न्या आणि त्या गाडीत बसवा. तेवढंच फिरणं होईल."

"दोनच माणसं बसतात तिच्यात."

"मग तुम्ही उतरा."

तीन आठवडे चादरीच्या दोन्ही बाजूंनी माती थापली, खरवडली. मामा जाता-येता टोमणे मारत राहिले. मेलेल्याला नवे कपडे घालणं झालं का, म्हणून विचारत. भाचीही कमी नव्हती. ती म्हणायची, "तुझ्या बाजूने आवाज येत नाहीये, मामा. झोपलास का?"

मामा झोपले नव्हते. त्यांच्या डोक्यात पस्तीस वर्षं एक कागद होता. कारखाना बंद पडायच्या आधी रेखाटनवाल्याने तो भिंतीवर चिकटवला होता. पुढच्या गाडीचं तोंड, सुरीसारखं चपटं. दिवे बॉनेटच्या आत झोपलेले, वर झाकण. बटण दाबलं की झाकण उघडायचं आणि दिवे डोकं वर काढायचे. ती गाडी कधी झालीच नाही. कुलूप लागलं, कागद भिंतीवरच राहिला. पण मिस्त्रींच्या लेखी नवीन म्हणजे ते. त्याच्यापुढचं काही असू शकतं हा विचार त्यांना शिवलाच नव्हता. रस्त्यावरच्या नव्या गाड्यांकडे ते बघतच नसत. त्यांना ते साबणाच्या वड्या म्हणत.

बाई दवाखान्याच्या आधी, सकाळी नऊला आल्या. चादर काढली. आधी भाचीच्या बाजूने आरसा धरला. वाटोळे दिवे, कड्या, पट्टे.

"छान आहे हो," बाई म्हणाल्या. "अगदी बाबांच्या अल्बममधल्यासारखं." आणि थोडं थांबून, "पण असे पट्टे आमच्या गाडीला नव्हते ना?"

मामा खोकले. ते नेमके तेव्हाच खोकले, हे भाचीच्या लक्षात आलं.

मग आरसा फिरवला. मामांनी आपल्या बाजूचं झाकण हाताने उचललं. आतून दिवा वर आला.

बाईंनी दोन्ही हात गालांवर नेले. "अगं बाई! हे तर आमच्या कॉलेजच्या वेळचं! आमच्या वर्गातल्या एकाकडे होती अशी. एक डोळा उघडायचा, दुसरा उघडायचाच नाही. रस्ताभर डोळा मारत जायची ती गाडी!" त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "मिस्त्री, हेच करा. एकदम विशीत जाऊन आल्यासारखं वाटलं बघा मला."

भाचीने तोंडावर हात धरला होता, पण खांदे हलत होते. "मामा," ती म्हणाली, "तू तर माझ्यापेक्षा जुनाट निघालास!"

बाई गेल्या. मिस्त्री झाकण हातात धरून तसेच उभे. दारातून मामी म्हणाली, "जिंकलात ना? मग तोंड एरंडेल प्यायल्यासारखं का?"

 मिस्त्रींना ते तोंड ठोकायचं होतं, पस्तीस वर्षं ठोकायचं होतं. आता गिऱ्हाईक हो म्हणत होतं, खांद्यात तेवढा दम होता, पत्राही आणून ठेवलेला होता. फक्त बाईंना ते बघून जे हसू आलं, ते नव्या वस्तूकडे बघून येणारं हसू नव्हतं. माळ्यावर लहानपणचं खेळणं सापडलं की माणूस तसं हसतो.

तीन दिवस त्यांनी पत्र्याला हात लावला नाही. भाचीला राहवेना.

"मामा, तिला आवडलंय. तुझ्याही मनातलंच आहे. ठोकून टाक ना."

"मनातलं आहे, तेच तर."

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी खरवडणी घेतली आणि आपल्या बाजूची माती सांगाड्यापर्यंत खरवडून काढली. भाची माळ्यावरून ओरडत खाली आली. "अरे, काय करतोयस! पसंत पडलेलं आहे ते!"

"तुझंही काढ."

"माझं का?"

"तुझे पट्टे कुठून आणलेस?"

"फोटोंतून."

"मी माझं भिंतीवरच्या कागदावरून आणलं. दोघंही चोर. घरं तेवढी वेगळी फोडली."

"आणि बाई? त्यांना काय सांगायचं?"

"बघू."

"बघू नाही, मामा. त्या गाडी उचलून घेऊन जातील. माझं पहिलं काम आहे हे."

"माझं शेवटचं आहे," मामा म्हणाले.  भाचीने आपल्या बाजूचा वाटोळा दिवा उपटून बादलीत टाकला. जरा जोरातच टाकला.

मग दोघं गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, कारण शाबूत तेवढंच होतं. डिकीवरून एक रेघ निघत होती, दारावरून सरळ येत होती आणि मोडलेल्या जागी तुटत होती. मामांनी सुती हातमोजा घातला, डोळे मिटले आणि त्या रेघेवरून हात फिरवत आले. "इथे उतरायला बघतेय," ते म्हणाले. भाचीने तिथे काळी चिकटपट्टी लावली. "नाही, एवढी नाही. घसरगुंडी केलीस." पट्टी काढली, पुन्हा लावली. दोन दिवस नुसती पट्टी.

दिव्याचं भाचीला ठाऊक होतं. हल्लीचा दिवा बोटाएवढा जाड असतो. "एवढासा? हा रस्ता दाखवणार?" मामांनी विचारलं. तिने शटर ओढून अंधार केला आणि दिवा लावला. मामांनी डोळ्यांवर हात धरला. "बंद कर! बाईंकडे पेशंट म्हणून जावं लागेल मला."

मग वाटोळ्या खोबणीची गरज नव्हती, झाकणाचीही नव्हती. रेघ पुढे येऊन जिथे वळत होती, तिथेच एक घडी घातली आणि दिवा त्या घडीखाली सरकवला. ह्या वेळी चादर नव्हती. दोघं दोन्ही बाजूंना हात घालत होते आणि एकमेकांचं मोडत होते. भांडणं आधीपेक्षा जास्त झाली. बाराव्या दिवशी तोंड उभं राहिलं, तेव्हा मामांनी बाईंना स्वतः फोन केला.

बाई आल्या आणि दारातच थांबल्या. "मी पसंत केलेलं कुठे आहे?"

"मोडलं," मिस्त्री म्हणाले.

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"मिस्त्री, गाडी माझी आहे."

"तुमचीच आहे. त्या तोंडात तुमची विशी होती, बाई, माझी तिशी होती. गाडीचं काहीच नव्हतं. तेच पाहिजे असेल तर दुसऱ्याकडून ठोकून घ्या. मी गाडी पोचवून देतो."

दुसरा कुणी नव्हता, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण मिस्त्री खरंच पोचवतील, हेही बाईंना त्यांच्या तोंडावरून कळलं. त्यांनी पर्स काखेत दाबली आणि मातीच्या तोंडाभोवती एक फेरी मारली. मग आणखी एक.

"हे कशासारखं आहे?"

"कशासारखंच नाही," भाची म्हणाली.

"म्हणूनच विचारतेय. मला आवडलंय की नाही, तेच कळत नाहीये."

"मग लगेच सांगू नका," मिस्त्री म्हणाले. "आठ दिवस घ्या. माती काही उठून जात नाही."

बाई रोज सकाळी दवाखान्याच्या आधी यायला लागल्या. यायच्या, दोन मिनिटं उभ्या राहायच्या, काही न बोलता जायच्या. चौथ्या दिवशी स्टूल ओढून बसल्या. मामीने चहा दिला, तो त्यांनी तोंडावरची नजर न काढता प्यायला. भाचीचं त्या दिवसांत कामात लक्ष नव्हतं. जुन्या कंपनीत पुन्हा विचारून ठेवावं का, असं तिने एकदा मामीला हळूच विचारलंसुद्धा.

सहाव्या दिवशी बाई वाकल्या आणि दिव्यावरच्या घडीवर बोट ठेवलं. "हे जड वाटतंय. एक बोटभर वर घ्या."

"नाही, बाई," भाची लगेच म्हणाली, "मग रेघ तुटेल, बघा..."

मिस्त्रींनी खरवडणी घेतली आणि बोटभर वर घेतलं. दोघं मागे सरून बघत राहिले. बाईंचं बरोबर होतं.

"घ्या," भाची पुटपुटली, "आता तिसऱ्यासुद्धा आल्या."

बाईंनी हात पुसले आणि घड्याळ बघितलं. "पेशंट बसलेत. मला कुठला रंग ते नंतर बोलू. पण लाल नको," असं म्हणत त्या निघाल्यासुद्धा. हो की नाही, ते त्यांनी सांगितलंच नाही. मिस्त्रींनी विचारलंही नाही. त्यांनी ॲल्युमिनियमचा पत्रा जमिनीवर पसरला, खडूने आखला, कापला, वाळूच्या पिशवीवर ठेवला आणि हातोडी उचलली. पहिल्या ठोक्याला खांद्यातून कळ गेली. ती जाणारच होती. भाचीने पत्र्याची दुसरी कड धरली आणि मामांनी दुसरा ठोका मारला.