काहिलीतला उंदीर

सून पाकासाठी गूळ उकळवायला लागली, की मी उठून अंगणात जातो. तो वास मला सोसत नाही.

आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी, तोही प्राणिशास्त्र घेऊन. शहात्तरमध्ये निकाल लागला, त्याच हिवाळ्यात पलूसजवळ आमच्या गुऱ्हाळावर उभा होतो. काहिलीत, म्हणजे चुलवणावरच्या भल्यामोठ्या कढईत, उसाचा रस उकळत होता. वर आलेल्या हिरवट मळीत ओलं, काळपट काहीतरी गरगरत होतं. पाठ, पाय, लांब शेपूट, मला सगळं दिसलं. "उंदीर!" मी ओरडलो.

गूळ करणारा कारागीर, गुळव्या, बघायला वाकला, पण वडील म्हणाले, "शिकल्यालं पोरगं खोटं बोलंल व्हय?" आणि त्यांनी अख्खी काहील मातीत ओतायला लावली.

गुळव्यानं काठीनं तो गोळा उचलला. मळी काढायला रसात घातलेल्या रानभेंडीच्या सालींचा चोथा होता तो.

"कालेजात नुसतं उंदीरच फाडलं, भेंडी न्हाई दावली व्हय रं?" तो म्हणाला.

भेंडीची साल समोर काठीवर लोंबत असतानाच मी भडाभडा ओकलो. आजही गूळ उकळला की डोळ्यांपुढं शेपूटच येतं. साल मला मुद्दाम आठवावी लागते.