पाव्हण्यानं बघितलेला मासा

एकोणीसशे पस्तीसच्या सुमारास मी पुण्याला कॉलेजात होतो. वाहत्या पाण्यात मासा जागच्या जागी कसा थांबतो, हे सुटीत गावी, लासुर्ण्याला, आमच्या पाटाकडेला बसून बघायचो. शेपटीमागचं पाणी कसं फिरतं ते दिसावं म्हणून कपड्यांची नीळ सोडायचो. दरवेळी सगळं पाणीच निळं व्हायचं.

त्या उन्हाळ्यात वर्गातला मित्र पाहुणा आला. त्यानं गवताच्या काडीनं थेंबभरच नीळ सोडली आणि शेपटीच्या डावी-उजवीकडं आलटून पालटून सुटणारे भोवरे पहिल्याच सकाळी कागदावर काढलेसुद्धा. पाट आमचा, नीळ आमची, भोवरे मात्र त्याचे! माझा नुसता जळफळाट झाला.

दुपारी आमची पाण्याची पाळी संपली. पाट आटला की डबक्यात उरलेले मासे वडील पाटीनं धरायचे. संध्याकाळी मित्राच्या ताटात तोच मासा आला, तिखट रश्शात. तो बिचारा बघतच राहिला.

"खावा की, पावणं," वडील म्हणाले. "सकाळपासनं तुमी त्येच्याकडंच बघताय. मन झालं असंल."

मी कित्येक उन्हाळे बघत होतो. माझ्या ताटात पिठलं होतं.